दुप्पट आणि वर तीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी नाही. आणि देवनागरीत लिहितोय, कारण आमच्या तंजावूरच्या घरांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, पण ही अक्षरं वाचणारं जवळजवळ कुणी नाही. मी ती शिकलो ती सांगली-कोल्हापूरकडे माल घ्यायला जायचो तेव्हा, दुकानांच्या पाट्यांवरून आणि बिलांवरून. माझ्या दादाला ती वाचता येत नाहीत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी काय जातीचा माणूस आहे ते त्यातच आलं.

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. बंद पडलेली भातगिरणी, मोडीत निघालेलं हॉटेल, वारसांची भांडणं लागलेलं बर्फाचं दुकान — तिथून मिळेल ते उचलायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं. या धंद्यात समोरच्याचा पहिला शब्द खोटाच धरायचा असतो. कुणी म्हणालं, 'फार वापरलेलं नाही हो,' तर मी आधी मागच्या बाजूचा गंज बघतो. कुणी फार गोड बोललं, तर मी चप्पल घालून निघतो. तो हाक मारतो. मग खरा भाव सुरू होतो. माझा आवाज चढतो हे खरं आहे. पण आवाज न चढवता मला कुणी कधी काही दिलं आहे का?

आता दादाचं सांगतो. आमची शेती ओरत्तनाडूजवळ होती. दोघांना शिकवणं वडिलांना झेपण्यासारखं नव्हतं. एक दिवस त्यांनी ठरवलं, थोरला कॉलेजात जाईल आणि धाकटा शाळा सोडेल. का, ते त्यांनी माझ्यासमोरच आईला सांगितलं. "हा तोंडी हिशेबाचा पक्का आहे. कुठेही टाकला तरी जगेल. तो नाही जगणार." म्हणजे हुशार होतो म्हणून माझी शाळा गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत हे माझ्या घशात अडकलेलं आहे. दादा तंजावूरला शिकला, सरकारी कचेरीत लागला, निवृत्त होऊन ओरत्तनाडूला घरी परतला. त्याने मला कधी कमी लेखलं नाही. उलट चारचौघांत सांगायचा, "आमच्या तंबीला हिशेबात कुणी हरवू शकत नाही." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला त्यातही टोमणा ऐकू यायचा. ज्याला सगळं मिळालं, तो कौतुकसुद्धा वरूनच करतो — असं मला वाटायचं.

तर मला मिळालं होतं ते एवढंच. तोंडी हिशेब.

धंद्याच्या सुरुवातीला मी शीतगृहांची यंत्रं घेत असे. जुन्या परदेशी यंत्रांवर फॅरनहाइटचे आकडे, नव्यांवर सेल्सिअसचे. गिऱ्हाईक विचारायचं, हे त्यातलं किती? शिकलेले लोक कागद शोधायचे — नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा. मी कागद उघडायच्या आत उत्तर देत असे. सेल्सिअसची दुप्पट करायची आणि वर तीस घालायचे. दहा अंश? वीस आणि तीस, पन्नास. अगदी बरोबर. पाच अंश? चाळीस, खरं उत्तर एक्केचाळीस, पण बटाट्याच्या वखारीत एका अंशासाठी कोण रडतो? उलट जायचं तर तीस वजा करून निम्मं करायचं. एका कॉलेजच्या मास्तराला मी असं भर बाजारात गप्प केलं होतं, आणि ती गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिलो. थंड मालात माझा नियम कधी फसला नाही.

गरम मालात फसत होता. तेही मला दिसत होतं — हे मात्र मी कुणाला कळू दिलं नाही. आमच्याकडे तमिळ बातम्यांत उन्हाचा आकडा फॅरनहाइटमध्ये सांगतात. पारा शंभरावर गेला की क्रिकेटवाल्याने शतक मारल्यासारखं ओरडून सांगतात. मोबाइलवर मात्र सेल्सिअस. एकदा मोबाइलवर अडतीस होते आणि टीव्हीवर शंभर. माझ्या हिशेबाने एकशे सहा व्हायला हवे होते. मी काय म्हणालो असेन? बायकोला म्हणालो, "चोर आहेत सगळे. खरा आकडा सांगितला तर शाळांना सुट्टी द्यावी लागेल, म्हणून कमी करून सांगतात." ती म्हणाली, "बरं." मुलगी हसली. मी तिच्यावर ओरडलो. सहा अंशांची चूक घरबसल्या माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी तिच्यात दुसऱ्याची लबाडी शोधून काढली. आयुष्यभर मी हेच करत आलो. पण थांबा, मी अजून मुद्द्यावर आलेलोच नाही.

एका मोडीत निघालेल्या पोल्ट्रीतून मला अंडी उबवायचं एक मशीन मिळालं. जुनं, जाड पत्र्याचं, दणकट. आतल्या बाजूला पत्र्यावर ठोकून लिहिलं होतं, फॅरनहाइटमध्ये साडेनव्व्याण्णव. वरचा कंट्रोलर जळलेला होता. मी नवा स्वस्तातला बसवला. तो फक्त सेल्सिअस दाखवत असे. त्याच सुमाराला दादा आणि वहिनी गावठी कोंबड्यांची पिल्लं काढायचं म्हणत होते. निवृत्त झाल्यापासून दादाला रिकामं बसणं खात होतं. मी म्हणालो, माझं मशीन घ्या. भाऊ म्हणून नाही — मशीन चाललं की आजूबाजूच्या गावांतून मला गिऱ्हाईक मिळेल, म्हणून.

तिकडे कोंबड्या वाट्याने पाळायला देतात. वाढलेली पिल्लं निम्मी याची, निम्मी त्याची. दादाने अंड्यांना तोच करार लावला. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या कोंबड्यांखालची अंडी काढून दादाकडे आणून दिली. दादाकडे, हे ध्यानात घ्या. माझ्या मशीनला नव्हे. त्याच्या शब्दावर. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाची किल्ली त्याच्याकडे असे, भांडणं सोडवायला लोक त्याच्याकडे येत. असा माणूस.

मशीन मी स्वतः लावलं. साडेनव्व्याण्णवातून तीस गेले, उरले साडेएकोणसत्तर, निम्मे झाले पावणेपस्तीस. मी पस्तीस लावले. दादा वाकून बघत होता.

"आत तर नव्व्याण्णव लिहिलंय रे, तंबी. इथे पस्तीस दिसतंय."

"पस्तिसाची दुप्पट किती?"

"सत्तर."

"वर तीस?"

"शंभर."

"मग? अर्धा अंश जास्तच दिलाय तुझ्या पिल्लांना."

तो हसला. "कॉलेजात मी गेलो आणि डोकं तुझ्याकडे राहिलं." जाता जाता म्हणाला, जनावरांच्या डॉक्टरला एकदा विचारू या का? मी म्हणालो, डॉक्टर औषधं विकायला येईल. आणि कुणी मध्ये बोट घालू नये म्हणून बटणावर काळी चिकटपट्टी लावली. दोन पदरी. माझा कुणावर विश्वास नव्हता ना.

तीन आठवडे दादा त्या मशीनला चिकटून होता. गोठ्याच्या खोलीत खाट टाकली होती. अंडी फिरवायची, पाणी ठेवायचं. वहिनी म्हणायच्या, माझ्या बाळंतपणात एवढं कधी केलं नव्हतं त्यांनी.

पिल्लं निघाली नाहीत.

दिवस भरले, उलटून गेले. मग दोन-तीन अंडी आतून टोचली गेली, बारीक आवाज आला, पिल्लं ओली बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत मेली. शेवटी वहिनींनी बाकीची फोडली. आत पिसं आलेली, चोच आलेली पिल्लं होती. मेलेली. अंगणात बायका उभ्या होत्या. मी पिल्लं न्यायला भोकं पाडलेली खोकी घेऊन तंजावूरहून मुद्दाम आलो होतो. ती खोकी हातात घेऊन मी तिथे उभा.

आधी मी अंड्यांवर घसरलो. शिळी अंडी दिलीत, फ्रिजमधली दिलीत. शेजारची सेल्वी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "फ्रिज तुमच्या घरी असेल, अण्णा. आमच्याकडे कोंबडी आहे. तिच्या खाली ठेवली असती तर एव्हाना अंगणात फिरली असती." दुसरी म्हणाली, "मशीन कुठल्या मेलेल्या दुकानातलं हो?" सगळ्या हसल्या. आणि मला दिसलं — ही गोष्ट उद्या बसमधून चहूकडच्या गावांत जाणार. माझं नाव, माझा माल.

मग मी दादाकडे वळलो.

त्याने मशीनचं झाकण उघडं टाकलं असणार, असं मी म्हणालो. एवढंच म्हणालो नाही. याला सवयच आहे म्हणालो. कचेरीत शिपाई होते दार लावायला. वय झालंय, लक्षात राहत नाही, दुपारी डुलक्या घेतो, झाकण नीट न लावता निजला असेल. मशीनमध्ये काडीचाही दोष नाही. मी ओरडत होतो. सगळं अंगण ऐकत होतं. झाकणाबद्दल मला काय माहीत होतं? काहीही नाही. पण सौद्यात माणसाची दुखरी जागा कुठे आहे ते मला पटकन दिसतं. झाकण लावलं होतं, हे कोण कसं सिद्ध करणार?

दादा भांडला असता तर बरं झालं असतं. तो आठवू लागला. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, कपाळाला हात लावून तो खरोखर आठवू लागला, झाकण आपण लावलं होतं की नाही. मग म्हणाला, "असेल. त्या दुपारी मला झोप लागली होती खरी." वहिनींनी आपल्या कोंबड्या धरल्या आणि ज्यांची अंडी गेली त्या बायकांना वाटून टाकल्या. सेल्वीने घेतली नाही. म्हणाली, दादांकडून मी नाही घेणार. बाकीच्यांनी घेतल्या.

इथवर मी चुकलो होतो. रागीट होतो, निष्ठुर होतो, पण खोटारडा नव्हतो. झाकणच असेल असं बोलता बोलता माझं मलाही पटलं होतं. इथे थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं.

पुढे एकदा माझं अंग दुखत होतं म्हणून मी तंजावूरच्या एका लहान दवाखान्यात गेलो. नर्स पोरगेलीशी होती. तिने थर्मामीटर लावला, बघितला आणि म्हणाली, "नॉर्मल, सार." मी डोकावून पाहिलं. सदतीस.

"सदतीस म्हणजे एकशे चार. नॉर्मल कसं?"

"एकशे चार असता तर एवढे भांडला नसता, सार."

मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. स्वस्तातलं आणलंय तुमच्या डॉक्टरने. दुसरं आण. तिने दुसरं आणलं. सदतीस. मी म्हणालो, दोन्ही एकाच पेटीतली असणार. तेव्हा तिने सुस्कारा सोडला आणि थर्मामीटरचं बटण दाबून धरलं. आकडा बदलला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. "आता बरं वाटलं, सार?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मोबाइलवर शिकलेल्या लोकांचा हिशेब केला. पस्तीस गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस. पंच्याण्णव. पुन्हा केला. पंच्याण्णव. साडेनव्व्याण्णव हवे होते. कोंबडीच्या पोटाखाली असते त्याहून कितीतरी कमी ऊब देऊन मी ती अंडी तीन आठवडे ठेवली होती, आणि वर पट्टी मारली होती. दहा अंशांना माझा नियम खऱ्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. तिथून वर जाल तसा तो थोडा थोडा खोटं बोलत जातो. थंडीत खरा, उन्हात खोटा. टीव्हीवाले चोर नव्हते. बायका चोर नव्हत्या. झाकण लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला म्हणून ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसलो. खरंच सांगायला. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली.

दादा गोठ्याच्या खोलीला कुलूप लावत होता. लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं आला, परत गेला, ओढून पाहिलं. मला पाहून ओशाळला. "तंबी, तू एकदा बघ रे. लागलंय का?" वहिनींनी मला आत नेऊन हळूच सांगितलं, भावजी, हे आता असंच. गॅस बंद केला का, तीनदा उठून बघतात. मारुतीची किल्ली त्यांनी स्वतःहून परत दिली. स्कूटर बंद केली. म्हणतात, स्टँड वर घेतला होता का ते मला मध्येच आठवत नाही. वहिनींनी बँकेची कामं स्वतःकडे घेतली होती. डोक्याच्या डॉक्टरकडे न्यावं का, असं मला विचारत होत्या. मला विचारत होत्या.

मी बाहेर आलो आणि कुलूप ओढून पाहिलं. "लागलंय, दादा," म्हणालो.

एवढंच म्हणालो.

आधीच्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर माझ्या भावाला त्याचं डोकं परत मिळालं असतं. पण मग माझ्याकडे काय उरलं असतं? शाळेच्या बदल्यात मिळालेली ती एकच वस्तू — आणि तीही खोटी, हे त्यालाच सांगायचं? ज्याला कॉलेज मिळालं त्याला? मी कुलपाकडे बघत हा भाव करत होतो. त्याचं डोकं एका पारड्यात, माझी फुशारकी दुसऱ्यात. मी माझी उचलली.

त्याऐवजी म्हणालो, ते मशीन घेऊन जातो, कशाला डोळ्यांसमोर. वहिनींनी माझे आभार मानले.

दुकानात आणल्यावर मी चिकटपट्टी सोलून काढली. खऱ्या हिशेबाने साडेसदतीस लावले. मग ते तिरुवैयारूच्या एका शेतकऱ्याला विकलं. तो माणूस पुढे एकदा आनंदाने दुकानात आला. पिल्लं भराभर निघाली होती, खोकी पुरली नव्हती. "तुमचं मशीन म्हणजे तुमचं मशीन, सार," म्हणाला. दादा त्या दिवशी पेन्शनच्या कामाला तंजावूरला आला होता आणि माझ्या गल्ल्यापाशी खुर्चीवर बसला होता. आता एकटा येत नसे. वहिनी बाहेर भाजी घेत होत्या. त्याने सगळं ऐकलं. मी चहा मागवला, पंखा वाढवला, फोन आल्याचं सोंग केलं.

तो माणूस गेल्यावर दादा म्हणाला, "मशीन चांगलंच होतं. मला ठाऊक होतं, तंबी. तू कधी खराब माल देत नाहीस."

त्याच्या मनात कुठे चिमूटभर शंका उरली असेल, तर ती त्या दिवशी गेली. ती मी घालवली. बटण फिरवून.

या उन्हाळ्यात मी ओरत्तनाडूला गेलो होतो. टीव्हीवर बाई ओरडून सांगत होती, आज शंभर. दादाने वहिनींचा मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ धरला. अडतीस. मग तो बोटांवर मोजू लागला. आता तो सगळंच बोटांवर मोजतो.

"अडतीस दुणे शहात्तर. वर तीस. एकशे सहा." माझ्याकडे वळला. "बरोबर ना रे? टीव्हीवाले कमी करून सांगतात, तू म्हणायचास तसं."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. यांचा एवढा हिशेब तरी जागेवर आहे का, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मला बरोबर उत्तर येत होतं.

"बरोबर आहे, दादा," मी म्हणालो. "एकशे सहा."